काट्यावरचा बिबट्या

जुन्नर-आंबेगावच्या आमच्या पट्ट्यात बिबट्या पाहिलेला माणूस शोधावा लागत नाही. शोधावा लागतो तो लहानसा बिबट्या पाहिलेला माणूस, आणि तो काही सापडत नाही. ज्याला दिसतो त्याला दांडगाच दिसतो. कॅनॉलच्या भरावावर बसलेला "पार वासराएवढा" असतो. डेअरीला दूध घालून परतताना मोटारसायकलच्या उजेडात आडवा गेलेला "ह्या कडंपासून त्या कडंपस्तोर" असतो. आमच्या चुलत्यांनी गोठ्यामागं पाहिलेला बिबट्या पहिल्या दिवशी ८० किलोचा होता. दिवाळीला सगळे भाऊ जमेपर्यंत त्याने सव्वाशे गाठले. शेवटी काकूने फराळाचं ताट पुढं करत "आता पुरे, पिंजऱ्यात मावंल एवढाच ठेवा त्याला" म्हटलं, तेव्हा कुठं त्याची वाढ थांबली.

आम्ही सगळे हसलो. पण चुलत्यांना खोटं पाडावं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीची असते. दीड-दोन वाजता बॅटरी घेऊन उसाच्या कडेनं दारं धरायला जाणाऱ्या माणसाला बॅटरीच्या झोतात दोन डोळे चमकलेले दिसले, तर त्यानं काय टेप काढून मोजावं? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणणं सोपं आहे. म्हणणारा बहुतेक वेळा घरात असतो.

तरी आकडे आकड्यांच्या जागी असतातच. भारतातला पूर्ण वाढलेला नर बिबट्या साधारण ५० ते ७७ किलोंचा भरतो आणि मादी २९ ते ३४ किलोंची. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत नराची लांबी १२७ ते १४२ सेंटिमीटर, मादीची १०४ ते ११७. त्यापुढं पाऊण मीटर ते नव्वद-एक सेंटिमीटर शेपूट. खांद्याशी उंची माणसाच्या मांडीच्या मध्यापर्यंत, फार तर जरा वर. तालमीत जाणाऱ्यांसाठी सांगायचं तर चांगला तरणा नर कुस्तीच्या ५७ नाहीतर ६१ किलोंच्या गटात खेळेल. महाराष्ट्र केसरीच्या खुल्या गटासाठी ८६ किलोंच्या वर वजन लागतं, तिथं त्याला नावसुद्धा नोंदवता येणार नाही.

मादीचा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक असेल असं वाटलं होतं. तीस किलो! सिमेंटची गोणी पन्नास किलोंची असते. तीस किलोंचं जनावर बांधलेली शेळी तोडून चार फुटी तारेच्या कुंपणावरून घेऊन जातं, हे आमच्याकडे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणूनच ते तीस किलोंचं असेल हे कुणाला पटत नाही. जे काम ६० किलोंचा माणूस करू शकत नाही ते करणारा ६० किलोंचा कसा असेल, असा सरळ हिशेब असतो. हिशेबात धरलं जात नाही ते हे की बिबट्याच्या वजनात बिनकामाचं फारसं काही नसतं. छाती, मान, खांदे, जबड्याचे स्नायू यांतच सगळा ऐवज. मोठ्या नराची मान इतकी जाड असते की डोकं कुठं संपलं आणि मान कुठं सुरू झाली ते समोरून कळत नाही. अंधारात एक गोष्ट आणखी होते. डोळ्याला एकूण लांबी दिसते, आणि त्या लांबीतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग नुसतं शेपूट असतं, हे कुणी वजा करत नाही.

बिबट्या प्रत्यक्ष तोलला जाताना मी पाहिला तो विहिरीमुळे. बिनकठड्याच्या विहिरी आमच्याकडे अजून पुष्कळ आहेत. कुत्र्याच्या नाहीतर मांजराच्या मागं धावताना बिबटे त्यात पडतात. हाही असाच पडला होता, वस्तीपासून हाकेच्या अंतरावर. पाण्यात पडलेल्या बिबट्याला भुलीचं इंजेक्शन मारता येत नाही, कारण भूल चढली की तो बुडणार. म्हणून आधी त्याला टेकायला काहीतरी सोडतात, कधी बाज, कधी लाकडी फळी. मग पिंजरा खाली सोडतात आणि तो आपण होऊन आत शिरायची वाट पाहतात. काठावर हे गाव लोटलेलं. वनरक्षक ओरडून ओरडून घसा बसलेले. पिंजरा क्रेननं वर आला तेव्हा आतलं जनावर चिखलानं माखलेलं, कान मागं पाडून फिस्कारत होतं, आणि प्रत्येक फिस्कारीला गर्दी दोन पावलं मागं आणि मोबाईल दोन हात पुढं.

तपासणी नंतर, गर्दीपासून लांब झाली. ओळखीच्या वनपालांमुळे मला कोपऱ्यात उभं राहायची परवानगी मिळाली होती, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. पशुवैद्यक डॉक्टर तरुण होते. ते पिंजऱ्याभोवती दोनदा फिरले, खाली बसले, उठले, पुन्हा बसले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मला वाटलं आजार शोधताहेत. ते वजन बघत होते.

भुलीच्या औषधाची मात्रा किलोवर ठरते. साधारणपणे केटामिन आणि झायलाझिन ही औषधं एकत्र वापरतात आणि किलोमागं किती मिलिग्रॅम हे ठरलेलं असतं. पण जनावराचं वजन करायचं तर ते आधी बेशुद्ध हवं आणि बेशुद्ध करायचं तर आधी वजन माहीत हवं. हा पेच डॉक्टरांच्या डोळ्यानंच सुटतो. पन्नास किलोंच्या बिबट्याला ८० किलोंचा समजून औषध भरलं तर श्वास मंदावतो, अंगाचं तापमान ढळतं, कधी जनावर उठतच नाही. झायलाझिनवर उतारा आहे, केटामिनवर नाही, ते शरीरानंच पचवून बाहेर टाकावं लागतं. उलट बाजूनं चूक झाली तर अर्धवट भुलीतला बिबट्या स्ट्रेचरवर डोकं उचलतो. म्हणजे माझ्या चुलत्यांचा आकडा धरून कुणी सिरिंज भरली असती तर तो बिबट्या मेला असता. पारावर वाढवलेल्या वजनाला काही होत नाही, इथं मात्र प्रत्येक जादा किलो थेट रक्तात जातो.

"पंचेचाळीस ते अट्ठेचाळीस," डॉक्टर म्हणाले.

वनपाल म्हणाले, "साहेब, साठ तरी असंल हो. पंजा बघा त्याचा."

"पंजा बघूनच म्हणतोय. पंजा मोठा आहे, पोट रिकामं आहे. मागचे पुठ्ठे बघा."

लांब नळीतून फुंकून मारायची सिरिंज असते, ती पुठ्ठ्यात बसली. मग कुणी बोलायचं नाही. दहा-बारा मिनिटांत बिबट्याची मान खाली आली. काठीनं कान हलवून पाहिला, शेपूट ओढून पाहिलं. बाहेर काढल्यावर पहिलं काम डोळ्यांवर कापड, त्याआधी डोळ्यांत मलम, कारण भुलीत पापण्या मिटत नाहीत आणि बुब्बुळ कोरडं पडतं. एक जण थर्मामीटर घेऊन मागं, एक जण छातीकडं बघत श्वास मोजतोय. आणि मग बांबू आला. दोन धिप्पाड गडी, खांद्यावर आडवा बांबू, बांबूला ताणकाटा, काट्याच्या आकड्याला स्ट्रेचरचे चारही दोर. उचला म्हटल्यावर त्यांनी उचललं. काट्याची सुई थरथरत बावन्न-त्रेपन्नावर स्थिरावली. स्ट्रेचर आणि दोर मिळून पाच किलोंचे.

४८ किलो. नर, दात पांढरेशुभ्र, सुळ्यांना झीज नाही, वय तीन वर्षांच्या आसपास.

दुसऱ्या दिवशी विहिरीच्या मालकांना हा आकडा सांगितला. बाबा सत्तरीचे, धोतर-टोपी. त्यांनी पानाला चुना लावता लावता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काटा कुणाचा व्हता?" वनखात्याचा, म्हटलं. "मग बराबर. सरकारी काटा कमीच दावतो. कारखान्याच्या काट्यावर घ्या, मग सांगा."

उसाच्या काट्याबद्दल शेतकऱ्याचं जे मत असतं ते बिबट्यालाही लागू झालं, यात मला तरी काही वावगं वाटलं नाही.

मापात पाप ही फक्त वाण्याची मक्तेदारी नव्हती. शिकारीचा जमाना होता तेव्हा साहेब लोकांनी आणि संस्थानिकांनी लांबीच्या मापात जे उद्योग केले त्यांवर एक वेगळा लेख होईल. बिबट्या मोजायच्या दोन रीती होत्या. एक खुंटी ते खुंटी: मेलेलं जनावर कुशीवर सरळ ताणून ठेवायचं, नाकाच्या टोकाशी एक खुंटी, शेपटीच्या टोकाशी दुसरी, जनावर बाजूला करून दोन खुंट्यांमधलं सरळ अंतर मोजायचं. दुसरी वळणावरून: टेप नाकापासून कपाळावर, मानेवर, पाठीच्या चढउतारावर दाबत दाबत शेपटीपर्यंत न्यायची. दुसऱ्या रीतीनं काही इंच फुकटात मिळतात. तेवढ्यानं भागलं नाही तर कातडं काढून, ओढून, खिळ्यांनी ताणून वाळवायचं आणि मग मोजायचं, म्हणजे फूटभर वाढ सहज. बड्या पाहुण्याने वाघ मारला तर मोजायला अकरा इंचाला फूट धरणारी टेप काढायचे, हा किस्सा तर शिकारी मंडळींत पिढ्यान्पिढ्या सांगितला जातो. खरा-खोटा देव जाणे.

या गोतावळ्यात जिम कॉर्बेटची एक नोंद मला फार आवडते. गढवालमध्ये रुद्रप्रयागच्या आसपास १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत एका बिबट्याने १२५ माणसं मारली. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रामार्गावर रात्रीची दारं लागली की उघडत नव्हती. १९२६ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला गुलाबराईच्या आंब्यावर बसून कॉर्बेटने त्याला मारला. त्यानंतर त्याने जे मोजमाप लिहून ठेवलं त्यात फुशारकी नाही. दोन्ही मापं दिली: खुंटी ते खुंटी ७ फूट ६ इंच, वळणावरून ७ फूट १० इंच. वर टीप जोडली की ही मापं जनावर मरून बारा तास झाल्यावरची आहेत. पुढं रंग फिकट गवती, केस आखूड आणि ठिसूळ, मिशा नाहीत, दात झिजलेले, एक सुळा तुटलेला, डाव्या मागच्या पंजात गोळीची जुनी जखम, त्याच पंजाचं एक नख आणि बोटाचा तुकडा गायब.

७ फूट ६ इंच म्हणजे २२९ सेंटिमीटर. वर दिलेले आकडे पुन्हा पाहा: मोठ्या नराचं अंग १४२ आणि शेपूट नव्वदच्या आसपास. म्हणजे ज्याची बातमी हिंदुस्थानाबाहेरच्या वर्तमानपत्रांतही छापून येत होती, ज्याला लोक दुष्ट आत्मा समजत होते, तो मोजल्यावर एक म्हातारा, दातपडका, बऱ्यापैकी मोठा पण मापात बसणारा बिबट्या निघाला. वजनाचा आकडा त्या नोंदीत नाही. डोंगरात ताणकाटा कोण नेणार, हेही खरं.

वजनाची खरी गंमत नर-मादीतल्या फरकात आहे. जुने शिकारी वर्षानुवर्षं वाद घालत होते की हिंदुस्थानात दोन जातींचे बिबटे आहेत, एक थोराड आणि एक बारका. दोन्ही बाजूंकडे पुरावे होते, मारलेली जनावरं होती, कातडी होती. जात एकच होती. थोराड ते बहुतेक वयात आलेले नर होते आणि बारके ते माद्या नाहीतर आई सोडून नुकते बाहेर पडलेले पोरगे. एकाच शिवारात ७० किलोंचा नर आणि ३० किलोंची मादी नांदत असेल तर दोघं एका जातीचे आहेत हे पटायला वेळ लागणारच. आमच्याकडेही "मोठा वेगळा आणि हा वेगळा" असं ठामपणे सांगणारे आहेत.

आणि हा फरक एका शिवारापुरता नाही. बिबट्याची जात आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून रशियाच्या अतिपूर्वेपर्यंत पसरलेली आहे, आणि तिचं वजन जागेगणिक बदलतं. अरबस्तानच्या उजाड डोंगरांतला नर जेमतेम तीस किलोंच्या आसपास, मादी वीस. दक्षिण आफ्रिकेत केपच्या डोंगरांत नर तीस-पस्तीस किलोंचे, पण त्याच देशात ईशान्येला क्रुगरच्या रानात नर साठच्या घरात आणि माद्या सदतीसच्या. इराणच्या डोंगरांत बिबटे सगळ्यांत थोराड, तिथले मोठे नर ८० किलोंच्या पुढं जातात. श्रीलंकेत वाघ नाही, सिंह नाही, बिबट्याच राजा. तिथला नर सरासरी ५६ किलोंचा आणि मादी २९ची. केपमधल्या बिबट्याच्या ताटात डोंगरी सशाएवढे रॉक हायरॅक्स आणि लहान हरणं, क्रुगरच्या बिबट्याच्या ताटात इंपालासारखी मोठी हरणं. ताट बदललं की अंग बदलतं. थंडीचाही हात असेल, पण मला विचाराल तर पहिला मान ताटाचा.

ताटाचाच विषय निघालाय तर १९९९ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासाबद्दल सांगायलाच हवं. मांसाहारी प्राण्यांचं वजन आणि त्यांच्या भक्ष्याचं वजन यांची सांगड घालून पाहिल्यावर त्या संशोधकांना साधारण साडेएकवीस किलोंवर एक रेघ सापडली. रेघेच्या खालचे शिकारी स्वतःच्या निम्म्याहून कमी वजनाच्या जिवांवर भागवतात: उंदीर, पक्षी, किडे, ससे. रेघेच्या वर गेलं की तेवढ्यावर पोट भरत नाही, शिकारीत घालवलेली ताकदही भरून निघत नाही, म्हणून स्वतःच्या निम्म्या वजनापासून पुढचं जनावर मारावं लागतं. वाघ, सिंह या रेघेच्या कितीतरी वर आहेत. त्यांना सांबर हवं, रानम्हैस हवी, गवा हवा, म्हणजे ती जनावरं पोसणारं जंगल हवं. मादी बिबट्या मात्र या रेघेच्या जरा वर, तीस किलोंवर उभी आहे. अरबस्तानातली तर रेघेवरच.

तीस किलोंच्या मादीला पंधरा किलोंपासून पुढचं भक्ष्य पुरतं. गावातलं भटकं कुत्रं किती किलोंचं असतं? पंधरा-अठरा.

ही बेरीज एकदा लक्षात आली आणि मला आमच्या तालुक्याचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहासच वेगळा दिसायला लागला. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे. कॅनॉल आले, जिरायती रानं बागायती झाली, बाजरीच्या जागी ऊस आला. ऊस आठ-दहा फूट उंच, आत गारवा, वर्षभर कुणी आत पाऊल टाकत नाही. गावं मोठी झाली, उकिरडे वाढले, कोंबड्यांचा कचरा वाढला, कुत्री वाढली. आपण बसून आखणी केली असती तरी तीस ते साठ किलोंच्या मांजरासाठी यापेक्षा सोयीची जागा उभी राहिली नसती. रोजचं सरासरी तीन किलो मांस लागणाऱ्याला एक कुत्रं बरेच दिवस पुरतं. वाघाला ते चटणीएवढं. आता उत्तर प्रदेशात पिलिभीतकडे वाघही उसात राहतात हे खरं आहे, पण त्यांच्या उसाला लागून जंगल आहे. आमच्याकडच्या बिबट्याच्या कित्येक पिढ्यांनी जंगल पाहिलेलंच नाही.

शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवलं. दाट वस्तीच्या, शेतीच्या त्या खोऱ्यात दर शंभर चौरस किलोमीटरला जवळजवळ पाच बिबटे, आणि तितकेच तरस. त्यांच्या विष्ठेतल्या केसांवरून भक्ष्य काढलं तर वजनाच्या हिशेबानं ८७ टक्के पाळीव जनावरं, त्यांत एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांपेक्षा सातपट जास्त असूनही त्यांचा वाटा फक्त ११ टक्के, कारण शेळी रात्री गोठ्यात असते आणि कुत्रं गावभर हिंडतं. देशाच्या २०२२ च्या अंदाजात १३,८७४ बिबटे आले, महाराष्ट्रात १,९८५. पण ती मोजणी मुख्यतः वाघांच्या जंगलपट्ट्यांची आहे. आमचे उसातले तिच्यात नाहीत.

मोजमापाचं आणखी एक कारण म्हणजे गळ्यातला पट्टा. जीपीएस कॉलर जनावराच्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांपेक्षा जड नसावी असा दंडक पाळतात. ६० किलोंच्या नराला दीड किलोचा पट्टा चालेल, तीस किलोंच्या मादीला अर्ध्या-पाऊण किलोतच भागवावं लागतं. शिवाय मानेचा घेर अचूक लागतो. सैल राहिला तर पाय अडकतो, घट्ट झाला तर कातडी सोलते, आणि वाढत्या वयाच्या नराला पट्टा घालतच नाहीत, कारण मान फुगणार. असाच पट्टा घातलेला एक वयस्क नर २००९ साली खूप गाजला. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला, माळशेज घाटात सोडलेला, 'आजोबा' नावाचा. तो तिथून सव्वाशे-एक किलोमीटर चालत, महामार्ग, रेल्वेचे रूळ आणि वसईची खाडी ओलांडून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गेला. वाटेत एकाही माणसाला त्याने हात लावला नाही. २०११ च्या डिसेंबरात गाडीखाली मेला तेव्हा शेपटीजवळच्या चिपवरून ओळख पटली.

आता हे सगळं वाचून कुणी म्हणेल, एवढासा तर आहे, मग घाबरायचं कशाला. तसं मी म्हणत नाही आणि कुणी म्हटलेलं मला खपणारही नाही. तीस किलोंची मादी तीस किलोंचं पोर उचलू शकते. शिरूर-जुन्नर पट्ट्यात २०२५ च्या अखेरीस लहान मुलं गेली, म्हातारी माणसं गेली, लोकांनी महामार्ग अडवला. त्या घरांपुढं सरासरी वजनाचे आकडे घेऊन जाणं हा निर्दयपणा आहे. शेतात ओणवं होऊन खुरपणारी बाई किंवा अंगणात बसलेलं मूल हे बिबट्याच्या नजरेला त्याच्या मापाचं दिसतं, हेच तर भयंकर आहे. रात्रीची वीज दिवसा द्या, वस्तीवरची मुलं शाळेत न्यायला गाडी द्या, गोठ्याला जाळी द्या, या मागण्या मला कुठल्याही पिंजऱ्यापेक्षा जास्त शहाण्या वाटतात.

कारण पिंजऱ्याचा प्रयोग आपण करून पाहिला आहे. २००१ नंतर जुन्नरमध्ये बिबटे धरून लांब जंगलात सोडण्याचा सपाटा लावला गेला. त्याआधी वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते, नंतर ते सतरापर्यंत गेले. अनोळखी मुलखात सोडलेला, धरपकडीनं पिसाळलेला बिबट्या आधीच्यापेक्षा जास्त धोक्याचा ठरला, आणि रिकाम्या झालेल्या शिवारात नवा, बहुतेक तरुण नर येऊन बसला. आता माणिकडोहच्या निवारा केंद्रात कायमचे ठेवलेले बिबटे आहेत. त्यांचं वजन मोजून जंगली बिबट्याचं वजन म्हणून सांगू नये, एवढी एक सूचना जाता जाता. आयतं खाऊन पिंजऱ्यात फिरणारं जनावर सुटतं.

सगळ्यांत लहान काटा लागतो तो ऊसतोडीच्या हंगामात. टोळी फडात शिरते, कोयता चालवता चालवता शेवटच्या पट्ट्यात एखादी बाई ओरडते आणि पाचटात पिल्लं दिसतात. जन्मताना पिल्लू अर्धा किलोच्या आसपास असतं, डोळे मिटलेले. आम्ही पाहिली ती दोन होती, डोळे उघडलेली, निळसर, मांजराच्या आवाजात ओरडणारी. डॉक्टर येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही असं ठरलं, आणि टोळीतल्या बायकांनी ते कसोशीनं पाळलं, पोरांना लांब धरून. डॉक्टरांनी हातमोजे घातले, गोचिड्या काढल्या, नर-मादी पाहिलं. मोठा ताणकाटा तिथं उपयोगाचा नव्हता. वस्तीवरच्या मावशींनी भाजीचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला, त्यावर टॉवेल टाकला, शून्य केलं. एक १ किलो १४०, दुसरं १ किलो ६०. मावशींनी ते आकडे मोठ्यानं वाचून दाखवले, भाव सांगावा तसे.

मग टोमॅटोचं प्लास्टिकचं क्रेट. नारायणगावच्या बाजारामुळे आमच्या घराघरांत ही क्रेट्स पडलेली असतात. त्यात पिल्लं ठेवली, क्रेट जिथं पिल्लं सापडली त्याच जागी ठेवलं, समोर कॅमेरा बांधला, सगळे लांब गेले. टोळीनं त्या दिवशी तो फड अर्धाच सोडला. आई सातच्या पुढं आली. कॅमेऱ्यात दिसते ती कडेनं एक फेरी मारताना, क्रेट पंज्यानं कलंडवताना, एक पिल्लू मानेला धरून नेताना. दुसऱ्यासाठी ती पावणेनऊला परत आली. डॉक्टरांनी मोबाईलवर चित्रफीत थांबवून तिच्या पोटाकडं, पुठ्ठ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "अठ्ठावीस. फार तर तीस."

सकाळी मुकादम वनपालांच्या मागं लागला होता. कारखान्याची गाडी उभी, टोळीचा अर्धा दिवस मोडलेला, त्याचे पैसे कोण देणार. वनपालांनी क्रेट उचललं, फडात एक चक्कर मारली, डबे वाजवून घेतले आणि मुकादमाला हात केला. नऊच्या सुमारास कोयते पुन्हा सुरू झाले.